तंबूतली वायली चूल

आमच्या घरात 'वायलं' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. वायलं म्हणजे वेगळं. अमक्याचा थोरला वायला निघाला, अशी बातमी घेऊन आमच्या गडमुडशिंगीतली एखादी बाई दारात आली, की आई पदर तोंडाला लावून ऐकायची आणि ती गेल्यावर मयताचं ऐकल्यासारखी चूळ भरायची. आणि आता आमचा थोरला दादाच वायला निघायच्या गोष्टी करायला लागला होता.

भांडण म्हणाल तर काहीच नव्हतं. दादा उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होता. रोज एस.टी.ला लोंबकळून जायचा-यायचा. पोरांची शाळाही कोल्हापुरात. वहिनीनं तिकडंच दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. भांडण असतं तर वडिलांच्या मागं घर चालवणाऱ्या आईनं दोघांना दोन शिव्या घालून मिटवलं असतं. इथं मिटवायला काहीच नव्हतं, आणि म्हणून तिला हातपाय कुठं मारावेत ते कळेना. शेवटी एका रविवारी जेवताना तिनंच तोडगा काढला.

"जायाचं तर जावा. मी न्हाई म्हणत न्हाई. पर त्याच्या आदी चार दिस समद्यांनी कुठंतरी लांब एकत्र ऱ्हायाचं. काम न्हाई, एस.टी. न्हाई, शाळा न्हाई. एका पातेल्यातलं खायाचं. मग माझ्या तोंडाकडं बघून सांगायचं, जाताय का ऱ्हाताय."

तिचा हिशेब सरळ होता. माणसं दमलीत, म्हणून फुटतायत. दमणूक गेली की फुटणंही जाईल. दादा मान खाली घालून बोटं चाटत म्हणाला, "बरं." वहिनीनं ताटं उचलली.

व्यवस्था माझ्या गळ्यात पडली, कारण मी गुळाच्या अडत दुकानात कारकून होतो आणि माझ्या टेबलावर फोन होता. आता फोनशेजारी बसणारा माणूस म्हणजे जगाची माहिती असलेला माणूस, असा घरच्यांचा समज होता. तो दूर करावा असं मला कधी वाटलं नाही. दुकानात येणाऱ्या एकानं मालवणच्या बाजूला समुद्राकाठी तंबूत राहायची सोय असते असं सांगितलं होतं. मी फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "दोन तंबू लागतील. साधे देऊ की सोयीचे? सोयीच्यात अगदी घरासारखं मिळेल."

मी आमच्या दुकानाच्या शेठजींचा आवाज काढून म्हणालो, "सोयीचेच द्या. दोन्ही. कशात काय कमी नको."

त्यानं आणखी काही सांगितलं असेल. मी ऐकलं नाही. तंबू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं जत्रेत येणाऱ्या पाळण्यावाल्यांची पालं उभी राहिली होती. ती कोण ठोकणार? मीच. म्हणून निघताना मी जीपच्या टपावर काथ्याचा दोर, हातोडा, बाभळीच्या खुंट्या आणि शेतातली चांगली पुरुषभर उंचीची लोखंडी पहार बांधली. फोंडा घाटात प्रत्येक वळणाला पहार टपावर खणखणायची आणि बायको म्हणायची, "अजून सांगते, इचारा एकदा." मी तिला वाऱ्याची दिशा आणि खुंट्यांचा कोन समजावून सांगत होतो.

पोचलो तर माडांच्या बागेत तंबू आधीच उभे. सिमेंटच्या जोत्यावर. आत पलंग, गाद्या, पंखा, पुरुषभर आरसा, मागं नळ आणि पांढरं शुभ्र कमोड. पहार खांद्यावर घेऊन मी दारात उभा. तिथला व्यवस्थापक, लुंगीतला सडपातळ माणूस, माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"ही कशाक हाडलात? माड पाडूक?"

दादा इतका हसला की जीपला टेकून खाली बसला. वहिनी हसली, पोरं हसली. आईसुद्धा हसली, आणि मला वाटलं, झालं काम. माझ्या गाढवपणावर सगळं घर एकत्र हसतंय, म्हणजे हे घर काही फुटत नाही.

आई हसतच पहिल्या तंबूत शिरली. कोपऱ्यात कट्टा होता. कट्ट्यावर गॅसची शेगडी, लायटर, चहाचं भांडं, मांडणीत ताटं-वाट्या. तिनं शेगडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी हाय." मग ती दुसऱ्या तंबूत गेली. तिथंही कट्टा. तिथंही शेगडी.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"दोन चुली कुणी सांगितल्या?"

मी म्हणालो, "आई, घरासारखी सोय हाय म्हणालते."

"आपल्या घरात दोन हाईत व्हय रं?"

तिनं घरून आणलेलं भाकरीच्या पिठाचं गाठोडं उचललं आणि दुसऱ्या तंबूतल्या शेगडीवर नेऊन ठेवलं. देवळाला कुलूप लावावं तसं. मग मोठं पातेलं पहिल्या तंबूत चढवलं. त्या संध्याकाळी दोन्ही सुनांनी मिळून बांगड्याचं कालवण केलं. आमच्याकडच्या चटणीत बांगडा इतका लाल झाला की व्यवस्थापक वास घेत आला आणि एक घास खाऊन पाणी पीत गेला. आम्ही वाळूत गोल बसून जेवलो. दादानं माझ्या ताटातला तुकडा उचलला, लहानपणी उचलायचा तसा. आई सगळ्यांच्या ताटांकडं बघत बसली होती. स्वतः जेवली की नाही ते मला आठवत नाही.

सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो, तर आई दोन तंबूंच्या मधल्या वाटेवर उभी. तिनं मला हातानंच गप्प केलं. दुसऱ्या तंबूतून लायटरचा टक्-टक् आवाज आला. मग भांड्यात पाणी पडल्याचा. वहिनी चहा करत होती.

पिठाचं गाठोडं तिनं नीट उचलून पलंगावर ठेवलं होतं. त्यावर स्वच्छ पंचा झाकला होता.

आत दादा आणि वहिनी समोरासमोर बसून चहा पीत होते. एवढंच. पण मी त्या दोघांना तसं कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरी चहा एकाच भांड्यात व्हायचा. साखर आईच्या हातची, म्हणजे चमचा उभा राहील एवढी. पुरुष आधी, पोरं मग, आणि वहिनीच्या वाट्याला भांड्याच्या तळाचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्यानं. इथं ती पाय दुमडून पलंगावर बसली होती. दादा काहीतरी सांगत होता आणि ती बशी ओठाशी धरून ऐकत होती.

नंतर कपडे वाळत घालताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा कमी साखरंचा च्या पिले बघ. मला गोड आवडतच न्हाई की गं."

बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा आई शेजारीच मासे निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. सुरी तेवढी थोडा वेळ थांबली.

पुढचे दोन दिवस आईनं गाठोडं परत शेगडीवर ठेवलं नाही. मी मात्र कामाला लागलो होतो. सगळ्यांना एकत्र हसवायचं, म्हणजे घर टिकेल, या आशेवर मी वाळूत पडलो, लाटेत चप्पल घालवली, उंटावर बसून उलट्या बाजूनं उतरलो. यातलं काही मुद्दाम, बरंचसं आपसूक. सगळे हसायचे. आणि हसून झालं की वहिनी उठून तिच्या कट्ट्याकडं जायची. नुसतं पाणी तापवायला, पोराला दूध द्यायला. जाताना तिची चालसुद्धा बदललेली असायची.

शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर आईनं व्यवस्थापकाकडून तांब्याभर दूध मागून आणलं. दुसऱ्या तंबूत गेली. वहिनीला हाक मारली.

"थोरले, ही पेटीव."

वहिनीला कळेना. आईनं दूध शेगडीवर ठेवलं, हळद-कुंकू म्हणून वहिनीच्याच कपाळाचं कुंकू बोटानं शेगडीला लावलं. नव्या घरात चूल मांडतात तेव्हा दूध उतू घालतात. ते बघून माझ्याबरोबर आलेला दादा दारातच थिजला.

"आई, आजून काय ठरलं न्हाई," तो म्हणाला.

"ठरलंय की. मी बघितलंय."

वहिनीनं शेगडी पेटवली. दूध वर आलं. वहिनीचा हात सवयीनं गॅसकडं गेला. आईनं तो धरला. दूध चारी बाजूंनी उतू गेलं, बर्नर फस्सकन विझला, करपलेला वास तंबूभर झाला. वहिनी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. आई तिच्या पाठीवर थापटत राहिली आणि म्हणाली, "तुज्या घरात तुज्या मनासारका च्या कर. आता रडू नगंस, पुसून घे ते. दुसऱ्याची शेगडी हाय."

मग दारातल्या आम्हा दोघा भावांकडं वळून तिनं साध्या आवाजात विचारलं, "आता मी कुठल्या तंबूत निजू?"

पहिल्यापासून ती पोरांना घेऊन कधी इकडं, कधी तिकडं झोपत होती. आज ती विचारत होती ते निराळं होतं. दादा थोरला. थोरल्याच्या आधी आपण तोंड उघडायचं नाही, हे आमच्यात अंगात मुरलेलं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. आणि तो माझ्याकडं. घर सोडून निघालेल्यानं आईवर हक्क कसा सांगायचा, म्हणून तो गप्प, असं त्यानं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांचा मान राखत उभे होतो.

"बरं," आई म्हणाली, आणि पोरांना हाका मारायला समुद्राकडं निघून गेली.

दादा त्याच महिन्यात कोल्हापूरला गेला. आई माझ्याकडं, जुन्याच घरात राहिली. तिच्याच हातानं रचलेली मांडणी, तिनंच घासून पांढरी केलेली फरशी. पण समुद्रावरून आल्यापासून ती स्वयंपाकघराच्या दारात थांबायची. माझ्या बायकोनं किती वेळा सांगितलं, रागावून सांगितलं, एकदा रडून सांगितलं. तरी शेवटपर्यंत रोज सकाळी, चौकटीला हात लावून, ती विचारायचीच.

"धाकटे, जरा च्या ठेवू का?"