खिडकी ओढून बघणारी अक्का

स्वस्थ बसलेलं वेबपान अक्काला बघवत नसे. आम्ही पान पुरं करून हुश्श केलं की ती मागून यायची, माऊसनं खिडकीचा कोपरा धरायची आणि खिडकी अरुंद, रुंद, पुन्हा अरुंद करत राहायची. आमची चित्रं मजकुरावर कोसळायची. "फुटलं न्हवं? आधी ओढून बघा की, मग मला हाक मारा!"

कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानावरच्या माळ्यावर तो संगणक क्लास होता. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, ती शिकवणारी, माझ्या मुलीच्या वयाची. तरी सगळ्यांसारखी मलाही ती अक्काच. माहेर गडहिंग्लजकडचं, घरात कानडी. पिक्सेलचा हिशेब ती ओठांतल्या ओठांत कानडीत करायची.

त्या काळी सगळे जण पान म्हणजे कोष्टक समजत आणि त्याच्या चौकोनांत चित्रं कोंबत. अक्काला कुठल्याशा परदेशी साइटवर सीएसएस सापडलं होतं: मजकूर एका फायलीत, त्याचं रूप दुसऱ्या. ती स्वतःच शिकत होती, आमच्यापेक्षा एखादा धडा पुढं. "मलाबी काल रात्रीच कळलंय," असं बिनदिक्कत सांगायची.

फ्लोट तिनं शिकवला ती दुपार अजून डोळ्यांसमोर तरंगते. पंखा संथ फिरत होता, खालून गुळाचा वास येत होता. "हा चित्राचा डबा डावीकडं सरकलाय सर, आन् मजकूर त्याच्या कडंनं चाललाय. ओढ्यात दगड असतोय तसा." मी जन्मभर जलरंगात काम केलेला माणूस. पडद्यावरची अक्षरं मला खरोखरच वाहताना दिसली. घरी जाऊन आडवा झालो तरी ती मिटल्या डोळ्यांआड वाहतच होती.

काम सुरू करताना ती प्रत्येक डब्याला लाल रेघ मारायला लावायची. "कोण कुठं बसलंय ते तरी कळू दे." सगळं जागेवर बसलं की रेघा पुसायच्या. मग पांढऱ्या पानावर चित्रं अशी उभी राहत, जणू त्यांना कुणी हातच लावला नव्हता.

आमच्या चित्रकार मंडळाचं संकेतस्थळ असंच उभं राहिलं. मी निसर्गचित्रांचे फोटो दिले. बाकी सगळं अक्कानं केलं, क्लास सुटल्यावर, हौसेनं. तिनं एकच मागितलं. "सर, खाली माझं नाव घाला तेवढं. पुण्यात नोकरीला अर्ज केलाय, दाखवायला हुईल."

"घालतो की," मी म्हणालो.

उद्घाटनाला अध्यक्षांनी मला फेटा बांधला. "या वयात सरांनी एकट्यानं हे केलं!" टाळ्या झाल्या. शाळेत कधी कुणी माझ्यासाठी टाळी वाजवली नव्हती. अक्का मागच्या रांगेत होती, तीही टाळ्या वाजवत होती. मी फेटा सावरत सगळ्यांना नमस्कार केला. पानाच्या तळाशी माझं एकट्याचं नाव होतं, ते तसंच ठेवलं. उद्या बदलू म्हणत राहिलो. एका ओळीचं काम, आणि ती ओळ लिहायला मला तिनंच शिकवलं होतं.

पुण्याहून मुलाखत देऊन आल्यावर ती माळ्यावर भेटली. मी विचारलं, "काय झालं?"

"त्यांनीबी खिडकी ओढून बघितली सर. फुटलं न्हाय. लई आवडलं त्यांना. मग खाली तुमचं नाव वाचलं. म्हटले, बाई, हे तर दुसऱ्याचं काम हाय."

"मी पत्र देतो त्यांना."

"ऱ्हाऊ दे आता. त्यांच्या लेखी खोटी ठरली ही बाई." आणि तिनं पुढच्या मुलीची खिडकी ओढायला घेतली.

थोड्याच दिवसांत तिनं क्लास सोडला. निपाणीला भावाच्या दुकानात बसते, असं कुणीतरी सांगितलं. मी गेलो नाही. तोंड नव्हतं.

मंडळाचं संकेतस्थळ कधीच बंद पडलंय. जिथं लिहायला हवं होतं ते पानच आता उरलेलं नाही. म्हणून इथं लिहितो. त्या संकेतस्थळाची सगळी रचना महादेवी शिवलिंग हत्तरगी यांनी केली होती. माझे फक्त फोटो होते.