साठ पेले, दोनदा धुतलेले

आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या एका मोठ्या पेल्याऐवजी छोटे छोटे पेले कुणी आणले, असं कुणालाही विचारा. माझ्याकडे बोट दाखवतील, तेही कौतुकाने. बोट बरोबर आहे. कौतुकाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हातारपणी माणूस आपल्या तरुणपणच्या मूर्खपणाला हसतो. माझी अडचण अशी, की हा मूर्खपणा केला तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. आता मुलाकडे घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर बसून मागे बघते, तर ती बाई मला तरुणच वाटते. गुडघे स्वतःचे, दात बरेचसे स्वतःचे, आणि मतं सगळीच्या सगळी पक्की. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. प्रार्थना इतकी लांब करायची, की पहिल्या बाकावरची पोरं एक झोप काढून उठायची. प्रभुभोजनाची भांडी धुऊन पुसून ठेवायचं काम तिच्याकडे होतं आणि त्याचा तिला गर्व होता. नम्रपणे केलेला गर्व, जो सगळ्यात वाईट.

त्या वर्षी एका रविवारी मंडळीत एक नवी मुलगी आली. आफ्रिकेतली. कॉलेजात नर्सिंग शिकायला आलेली, आंबिवलीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. आफ्रिकेतली म्हणजे कुठली, हे भूगोलाच्या बाईंनी विचारलं नाही. मला वाटतं, पुढचे दोन महिने विचारलं नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाला लोक ओळीने पुढे जात, कठड्यापाशी गुडघे टेकत, आणि पाळकसाहेब द्राक्षारसाचा एकच चांदीचा पेला एकेकाच्या ओठांना लावत. प्रत्येकानंतर पांढऱ्या फडक्याने कड पुसायची, पेला जरा फिरवायचा आणि पुढच्याला द्यायचा. चाळीस वर्षं मी त्या पेल्यातून घेतलं होतं. तपकीर ओढणाऱ्या आजोबांच्या मागून घेतलं, झुपकेदार मिशांच्या स्टेशनमास्तरांच्या मागून घेतलं, मशेरी लावणाऱ्या म्हातारीच्या मागून घेतलं. कधी मनात काही आलं नाही.

त्या रविवारी ती मुलगी माझ्या पुढे होती. मला एकदम चपलेचा अंगठा तुटल्यासारखं झालं. मी खाली वाकले, चार माणसं पुढे जाऊ दिली आणि मग ओळीत शिरले. चपलेचा अंगठा शाबूत होता.

पुढच्याच आठवड्यात कमिटीपुढे मी स्वच्छतेवर बोलले. जंतू कसे पसरतात, म्हाताऱ्या माणसांना किती धोका, शहरातल्या मोठ्या चर्चांमध्ये कशी सोय आहे. फळ्यावर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं. मुलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. कमिटीतल्या कुणीही काढलं नाही, आणि ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला. महिन्याभरात बोटभर उंचीचे साठ स्टीलचे पेले आणि खाचांचा ट्रे आला.

इथे एक सांगायला हवं. माझ्या आजीला तिच्या गावात वरून ओंजळीत पाणी ओतत. भांड्याला तिचा हात लागू देत नसत. पुढे मिशनच्या बाईंनी तिला स्वतःच्या कपातून चहा दिला, आणि आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते त्या कपापाशी. ही गोष्ट मी संडे स्कूलच्या मुलांना दरवर्षी सांगायची, आणि दरवर्षी त्याच वाक्याला माझा गळा दाटून यायचा. ज्या वर्षी पेले आले, त्या वर्षीसुद्धा सांगितली. त्या वर्षीसुद्धा दाटून आला.

मोठा पेला धुवायला दोन मिनिटं लागायची. साठ पेल्यांना अर्धा तास लागायला लागला. वेदीमागच्या खोलीत एक लहान सिंक आहे, तिथे मी एकटी उभी राहून धुवायची. भगिनी मंडळातल्या भगिनींना त्या वेळी नेमकी घरची घाई असायची. दुसऱ्याच रविवारी दारात ती मुलगी उभी.

"आंटी, मी धुऊ? आप पोंछो."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. देवाने माझी केलेली ही पहिली थट्टा.

ती भराभर धुवायची, नर्सिंगवाल्या मुलींसारखी, आतून बोट फिरवून. मी पुसायची, ट्रे लावायची. आणि मग तो ट्रे पदराखाली झाकून रिक्षाने घरी न्यायची आणि कढत पाण्यात साठच्या साठ पेले पुन्हा धुवायची. मंडळीतल्या बायका म्हणत, बघा, बाईंची भक्ती. ती मुलगी एकदा म्हणाली, "घर क्यूँ ले जाते, आंटी?" मी म्हटलं, "इथे कपाटात झुरळं होतात." चर्चच्या कपाटावरही आळ घेतला.

ती मराठी शिकली ती आमच्या गीतांच्या पुस्तकातून. त्यामुळे भाजीवालीला ती "हे दयाळू माते, कोथिंबीर किती" असं विचारायची. आंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला एकदा म्हणाली, "माझ्यावर कृपादृष्टी कर, मीटरने ने." तो म्हणे मुकाट्याने मीटरने आला. हे ऐकून मी सिंकच्या कडेला धरून हसले. तेव्हा कधीतरी विचारलं, की तू कुठल्या देशाची. मलावी, म्हणाली. मी तीस वर्षं पोरांकडून तिथलं लांबट सरोवर निळ्या पेन्सिलीने रंगवून घेतलं होतं. तिचं घर त्या सरोवरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आई मासे वाळवून विकायची. "तुमच्या बोंबलांसारखा वास," ती म्हणाली, "बाजारात गेले की रडू येतं."

मग मी तिला जेवायला घरी बोलावू लागले. माझ्या पोळ्यांना ती नावं ठेवायची, मी तिच्या लाटण्याला. एका बुधवारी ओट्यापाशी उभी असताना माझ्या लक्षात आलं, की रविवारी ट्रे चर्चमध्येच राहिला. त्याच्या आधीच्या रविवारीसुद्धा राहिला होता. कधीपासून न्यायचं विसरले, ते आठवेना. किती उपदेश ऐकले, त्यातल्या एकानेही जे झालं नव्हतं, ते असं विसरून झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत बसून राहिले, कारण आधीचं सगळं आता आठवायला लागलं.

त्यानंतर करोना आला. चर्च बंद झालं आणि उघडलं तेव्हा जो तो म्हणू लागला, बाईंना काय दूरदृष्टी, आधीच छोटे पेले आणून ठेवले. उपकारस्तुतीच्या उपासनेत माझा सत्कार करायचं ठरलं. शाल द्यायला कमिटीने त्याच मुलीला निवडलं. "तुमच्याबरोबर दर रविवारी धुते ना," पाळकसाहेब म्हणाले, "शोभून दिसेल."

तिच्या हातून ती शाल घ्यायची, की आधी तिला सांगायचं. आठ दिवस मी तेच घोळवत राहिले. शेवटी आदल्या रविवारी सिंकपाशी मी सांगून टाकलं. चपलेचं, कमिटीचं, सगळं.

ती धुतच राहिली. म्हणाली, "पेल्यांचं मला कळलं होतं, आंटी. आल्या आल्या नवीन कप. मी मूर्ख नाही."

मग मी ट्रे घरी नेण्याचं सांगितलं.

तिचा हात थांबला. "मी धुतलेले? परत?"

"परत."

"किती दिवस?"

"पाच-सहा महिने असतील."

तिने हातातला पेला सिंकमध्ये ठेवला, हात कोरडे केले आणि गेली. तिची क्षमा मागायची राहिलीच. ती मी नळाकडे बघून मागितली.

पुढच्या रविवारी ती शेवटच्या बाकावर होती. माझं नाव पुकारलं, तशी शाल घेऊन पुढे आली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. ती शाल उघडायच्या आत मी म्हटलं, "जरा थांब," आणि मंडळीकडे वळले. म्हटलं, पेले स्वच्छतेसाठी आणले नव्हते. या मुलीचे ओठ लागलेल्या पेल्यातून मला प्यायचं नव्हतं, म्हणून आणले. तिने धुतलेलं मी घरी नेऊन पुन्हा धुतलं. माझ्या आजीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा जास्त काही सांगत नाही.

पंखे फिरत होते. पहिल्या बाकावरच्या कमिटीच्या बाईंनी माझा पदर ओढला. "बसा आता, बाई. झालं ते झालं." आणि मग अगदी हळू, "तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं होतं."

शाल मी घेतली नाही. मुलगी ती घडी मोडू न देता हातात धरून जागेवर गेली.

उपासनेनंतर मी सिंकपाशी एकटीच धूत होते. ती आली. दाराला टेकून उभी राहिली, बाह्या वर न करता. मी साठ पेले धुतले, पुसले, ट्रेमध्ये लावले. ती पुढे आली. एक पेला उचलून उजेडात धरला, वास घेतला.

"पुन्हा," म्हणाली.

मी पुन्हा धुतला. तिने दुसरा उचलला. "पुन्हा." तिसरा. ती देईल तो मी धूत गेले. विसाव्याला की पंचविसाव्याला तिच्या तोंडाचा कोपरा हलला. शेवटच्या दहांना ती उघड हसत होती, आणि तरीही म्हणत होती, "पुन्हा, आंटी, पुन्हा."

साठच्या साठ धुऊन घेतले. एकही सोडला नाही.