भाऊ, गिटार जरा वाढवा

आमच्या गिटारवाल्याने गाणं गावं की नाही, या एका प्रश्नावरून मास्तर आणि मी दीड महिना एकमेकांशी बोलत नव्हतो. आणि तेही एकाच लोकलच्या एकाच डब्यात समोरासमोर बसून. मास्तर खिडकीबाहेर बघायचे आणि मी मोबाइलमध्ये. आता हसू येतं, पण तेव्हा अगदी हमरीतुमरीवर आलो होतो.

वडगाव मावळला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, लाउडस्पीकरच्या परवानग्या, सगळं माझ्या बोटांखालून जातं. वय शेचाळीस, दोन मुलं, एक दुखरा गुडघा, आणि रॉक म्हटलं की मी जीव टाकते. लोकांना हे पचत नाही. दुकानात गिटार वाजत असली की सातबारा घेऊन आलेला एखादा तरी विचारतोच, "ताई, हे तुमी लावलंय?" नाही बाबा, तहसीलदारांनी लावलंय!

माझ्यासारखे आणखी तिघं मला दुकानाला रोज ये-जा करताना लोकलमध्येच सापडले. एक मास्तर, मराठी शिकवतात आणि प्रत्येक गोष्टीवर मत देतात. दुसरा घोरावाडी स्टेशनवर चढणारा, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत तपासनीस, म्हणून त्याला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो. तिसरी लोणावळ्याची दातांची डॉक्टरीण, वयाने सगळ्यांत लहान आणि आवाजाने सगळ्यांत मोठी. पुण्यातला एक बँड आहे, वीस वर्षांपासूनचा, आणि त्याचा गिटारवाला हे आमचं दैवत. या माणसाने वीस वर्षांत स्टेजवर तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मान खाली, नजर तारांवर, आणि हात असे चालायचे की आपण श्वास घ्यायचं विसरावं.

तर या माणसाने मूळ बँड न सोडता स्वतःचा एक छोटा बँड काढला. तिघांचाच. आणि त्यात तो स्वतः गाणार! आमच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर नुसता कल्ला. मास्तर म्हणाले, हा अहंकार आहे. मी म्हटलं, वीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आता काही सांगायचं असेल तर तुमच्या पोटात का दुखतंय? इथून आमचा अबोला सुरू झाला.

पहिला कार्यक्रम ठरला तो नेमका आमच्या वडगावात, हायवेलगतच्या लग्नाच्या लॉनवर. पौष महिना, लग्नं नाहीत, लॉन रिकामं. आणि त्या लॉनवर आवाजाची व्यवस्था कायम ज्यांची असते, ते उर्से गावचे साउंडवाले भाऊ माझ्या चांगल्या ओळखीचे. परवानगीचे अर्ज टाइप करून घ्यायला ते वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. त्या वेळी अर्ज घ्यायला आले ते नवा शर्ट घालून.

"ताई, बँडच्या मॅनेजरनी शब्द दिलाय," ते म्हणाले. "हितला कार्यक्रम नीट झाला तर लोणावळ्याचाबी माझाच. मग पुढं जितं जितं जातील तितं मीच."

"वा! मग लग्नं सोडणार काय?"

"सोडली तर बरंच. लग्नात कोन ऐकतंय? नवरदेव आला, वाढवा. हार घातला, वाढवा. जेवाय बसली की बंद करा. पंचवीस वर्षं झाली, पर मानसं गप बसून ऐकत्यात आसं एकदाबी माझ्या हातनं झालं न्हाई. एकदा व्हावं वाटतं."

मी अर्जाचे पैसे घेतले नाहीत. म्हटलं, हा माझ्याकडून आहेर.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी आधीच जाऊन बसले होते. गिटारवाला आला, त्याने दोन गाणी म्हणून बघितली आणि भाऊंनी मिक्सरच्या टेबलामागे उभं राहून आवाज लावला. काय सांगू! गळा बारीक होता त्याचा, अगदी साधा, पण शब्दन् शब्द येऊन अंगाला लागत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

संध्याकाळी बाकी तिघंही आले, मिक्सरपाशी भाऊंशी ओळखीपाळखी झाल्या, लॉन भरलं, थंडी पडली, कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या गाण्याला मला वाटलं, गिटार मधेच दबतेय. आमच्या दैवताची गिटार, आणि दबते? मी तडक मिक्सरपाशी गेले. "भाऊ, गिटार जरा वाढवा ना."

"व्हय ताई," म्हणून त्यांनी लगेच वाढवली. मी रुबाबात जागेवर आले. ओळख असली की अशी कामं होतात, असं डॉक्टरणीला सांगितलंसुद्धा.

पुढे मात्र सगळं हाताबाहेर गेलं. ड्रम कानात ठोकायला लागले, खालचा सूर पोटात घुमायला लागला, आणि गाणारा माणूस कुठे गेला पत्ता नाही. ओठ हलताना दिसत होते, बस्स. शेवटी तर असा इको सुरू झाला की वाटावं, आता हरवलेल्या मुलाची घोषणा होणार.

मग आठ दिवस ग्रूपवर युद्ध. इन्स्पेक्टरचं म्हणणं, गळा मागे ठेवणं हीच त्यांची नवी भूमिका आहे, तुम्हाला कळत नाही. मास्तर म्हणाले, गळाच नाही तर ऐकू काय येणार? डॉक्टरणीने दोष दिला लॉनच्या पत्र्याच्या शेडला. मला तिघांचाही राग आला. दुपारी मी स्वतः ऐकलं होतं की तो किती छान गातो! मग चूक कुणाची? सरळ होतं. मी लिहिलं, 'लग्नाचा साउंडवाला आणला की रॉकचंही लग्नच लागणार.'

वाक्य झकास उतरलं होतं. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी ते उचलून बँडच्या चाहत्यांच्या मोठ्या ग्रूपवर टाकलं, तिथूनही ते पुढे गेलं. मी दिवसभर खुशीत. भाऊंची आठवण नाही झाली का? झाली. पण वाक्याच्या नादात मी ती बाजूला सारली. खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांनी भाऊ दुकानात आले. लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज हवा होता. मी टाइप करायला घेतलं, "लोणावळ्याचा ना?"

"न्हाई ताई. लग्न हाय उर्श्यात. लोणावळ्याचं पुण्याच्या लोकांना दिलं."

"का?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "मॅनेजरनी ह्ये धाडलं. कुनीतरी ग्रूपवर लिवलंय."

माझंच वाक्य. नाव गळून गेलेलं, पण वाक्य अख्खं.

"पण भाऊ, दुपारी तर इतकं सुरेख लागलं होतं. मग संध्याकाळी काय झालं?"

ते जरा ओशाळले, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून. "तुमी आलता ना गिटार वाढवा म्हणून. मग त्ये कंपनीवालं आलं, ड्रम वाढवा. मग डाक्टरीणबाई आल्या, खालचा सूर वाढवा. मास्तर आलं, म्हनलं इको द्या, मजा येती."

"आणि तुम्ही सगळ्यांचं ऐकलंत?"

"ऐकाय नको? ताई, लग्नात मामा सांगाय आला की वाढवायचंच. मामा रुसला तर लगीन अडतं. मला काय वाटतं त्ये कोन इचारतंय? आन् तुमी तर बँडची जवळची मानसं. तुमास्नी जास्त कळनार, आसं वाटलं."

मी विचारलं, हे मॅनेजरला का सांगितलं नाहीत? तर म्हणाले, "आलेल्या पावण्यांवर ढकलू व्हय? टेबलामागं मी हुतो."

मला लाज वाटली. साधी नाही, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी. मी म्हटलं, "भाऊ, ते वाक्य मी लिहिलंय."

भाऊंनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "खोटं न्हाई लिवलं. लग्नावानीच वाजलं."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. विषय बदलायला मी विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं हो त्यांचं गाणं?" पंचवीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं, कारण आधी ते गोंधळले. मग स्टुलावर बसले.

"मानूस ग्वाड गातो. पर गाताना मान डावीकडं जाती त्यांची, हाताकडं बगत्यात. सवय लय वर्षांची. मान गेली की तोंड माइकावरनं सरकतं आन् पैला शब्द सांडतो. म्हणून दुपारी मी काय केलं, मान वळाय लागली की गिटार जरा खाली घेतली आन् गळा वर. मान सरळ झाली की परत जागेवर. गाणं सपोस्तर माझी नजर त्यांच्या मानंवर."

म्हणजे मला जी गिटार दबलेली वाटली होती, ती भाऊंनी मुद्दाम खाली घेतली होती! वीस वर्षं आम्ही चौघं त्या माणसाच्या बोटांकडे बघत आलो. कुठली तार, कुठलं बोट, त्यावर रात्रंदिवस वाद घातले. त्याची मान वळते हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. मोठे आलेत चाहते!

त्याच दिवशी मी ग्रूपवर सगळं लिहिलं. कोण कोण मिक्सरपाशी गेलं होतं तेही. दोन तासांनी इन्स्पेक्टरने लिहिलं, 'माझी चूक.' डॉक्टरणीने नुसते हात जोडले. आणि मास्तरांनी, जे दीड महिना माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, फोनच केला. "बाई, इको मी मागितला होता. तुम्ही मॅनेजरशी बोला, मीही बोलतो."

बोललो आम्ही. चौघंही बोललो. मॅनेजर सभ्य माणूस, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, लोणावळ्याचं आता ठरलंय, पुढच्या वेळी नक्की बघू. माझं आयुष्य तहसील कचेरीसमोर गेलंय. 'पुढच्या वेळी बघू' म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको.

लोणावळ्याच्या कार्यक्रमाला आम्ही चौघं गेलो. डोंगराच्या अंगाला असलेलं छान मोकळं मैदान, ऊन कलायला आलेलं, खुर्च्या ओळीने मांडलेल्या. पुण्याचा नवा साउंडवाला काळ्या टी-शर्टात, हातात टॅबलेट, भोवती दोरी बांधून जागा आखलेली. आवाज स्वच्छ होता, नावं ठेवायला जागा नव्हती. लोक गप्प बसून ऐकत होते, अगदी भाऊंना हवं होतं तसं. इन्स्पेक्टर कानाशी कुजबुजला, "याला म्हणतात साउंड!"

आणि मग गिटारवाल्याची मान डावीकडे वळली. ओळीतला पहिला शब्द सांडला. पुढच्या कडव्यात पुन्हा. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. बाकी कुणाला कळतही नव्हतं, लोक माना डोलावत होते, आणि मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते. दोन मिनिटांचं काम. जायचं आणि सांगायचं, दादा, मान वळली की गिटार खाली घ्या. मी उठले, चार पावलं बाजूला गेले, आणि राहवेना म्हणून आधी भाऊंना फोन लावला. पलीकडे सनई, भांड्यांचा आवाज, पोरांचा दंगा.

"भाऊ, तुम्ही म्हणाला होतात तस्संच होतंय. शब्द सांडतायत. मी जाऊन सांगते त्याला."

"न्हाई ताई, जाऊ नका." एवढ्या ठामपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "चालू कार्यक्रमात कुनी सांगाय आलं की हात बिचकतो. मग आपलाच कान आपल्याला खोटा वाटाय लागतो, आन् त्यो दिवस सगळा तसाच जातो. त्याला करू द्या त्याचं."

फोन कानाला तसाच धरून मी तिथल्या तिथे उभी होते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"ताई? हायसा न्हवं?"

"आहे भाऊ."

"मग बसा जागंवर," ते म्हणाले. "आन् फोन जरा वर धरा. हितं जेवनं चालल्यात, घटकाभर मलाबी ऐकू द्या."