आत्याचा गुडघा आणि माझी घाई

चहा गार होईल, आधी घोटभर घ्या. मग सांगतो. कुणाला सांगू नका, असं म्हणणार होतो, पण अर्ध्या अकोले तालुक्याला हे माहीत आहे आणि उरलेल्या अर्ध्याला आत्याने सांगितलं आहे. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका, थोडी तरी लाज राहील.

मी बंगळूरला पाच वर्षं कायदा शिकलो आणि न्याय घेऊन गावी परतलो. हसू नका! मला तेव्हा खरंच असं वाटायचं की न्याय शहरात साठून राहिलाय आणि तो बॅगेत भरून गावाकडे आणायला कुणीतरी हवं.

परतलो तेव्हा माझी हौसाआत्या काठी टेकत चालत होती. राजूरच्या रस्त्याकडेला जीपची वाट बघत उभी असताना एका टेम्पोने तिला उडवलं होतं. गुडघ्याखाली हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवली. भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात वाकून उभी राहणारी बाई आता ओट्याची पायरी उतरताना भिंत धरायची. टेम्पोच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावून दहा महिने झाले होते आणि प्रगती शून्य.

दावा चालवत होते नाना वकील. आमच्या भागातले जुने, सावकाश माणूस. मी त्यांच्याच हाताखाली लागलो आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "नाना, दहा महिने? कशाची वाट बघताय?"

"गुडघ्याची," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"दुखणं जिथं थांबायचं तिथं थांबल्याशिवाय नुकसान मोजता येत नाही. आज मिटवलं आणि उद्या दुसरं ऑपरेशन निघालं, तर? कागदावर एकदा सही झाली की परत दार उघडत नाही. पिकू दे."

पिकू दे! दावा आहे की आंबा? मी मनात म्हटलं, याच आळसाविरुद्ध तर आपल्याला लढायचंय. कॉलेजात मी 'उशिराचा न्याय' या विषयावर निबंध लिहिला होता. त्याला बक्षीसही होतं. असलं बक्षीस माणसाचं किती नुकसान करतं, ते पुढे कळलं.

नाना आठवडाभर लेकीकडे नगरला गेले. मी तेवढ्यात विमा कंपनीला ई-मेल लिहिला. काय भाषा होती! 'आमच्याकडे लपवण्यासारखे काहीही नाही. आपण स्वतः या, पीडितेची अवस्था डोळ्यांनी पाहा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, आणि मग आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून निर्णय घ्या.'

नानांच्या तीन पत्रांना उत्तर न देणाऱ्या कंपनीचं उत्तर मला दोन दिवसांत आलं. मी ते छातीशी धरून फिरत होतो. रविवारी त्यांचे तपासनीस, मोकाशी साहेब, येणार होते.

आता माझी खरी अक्कल ऐका. मी ठरवलं की आत्याला काही सांगायचंच नाही. सांगितलं तर ती नाटकी वागेल. सत्य कसं, आपोआप दिसलं पाहिजे! म्हणून आत्याला फक्त एवढंच सांगितलं, "रविवारी नगरकडचे एक जण येतील माझ्याबरोबर." मोकाशींनाही विनंती केली, "साहेब, कृपया ओळख देऊ नका. ती सहज वागेल."

मोकाशी हसून म्हणाले, "मला चालेल." चालणारच की हो त्यांना!

रविवारी आम्ही पोचलो. गाडी खाली रस्त्यावर लावली, चढ चढून वर आलो, आणि बघतो तर काय? आत्या दारात उभी. ठेवणीतलं हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि हातात काठी नाही!

"आत्या, काठी कुठंय?"

"कसली काठी?" आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी केलेल्या सगळ्या चुका मला आठवल्या. "या पाव्हनं, बसा. पानी घ्या."

मोकाशींनी विचारलं, "मावशी, पायाला लागलं होतं म्हणे?"

"हुतं थोडंसं. आता काय न्हाई. घोड्यावानी पळते मी!"

मी घाईघाईने मध्ये पडलो. "आत्या, खरं काय ते सांग ना."

"तू गप रं सम्या. मोठी मानसं बोलत्यात."

मी गप्प बसलो. का? कारण साक्षीदाराला पढवायचं नाही, हे तिसऱ्या वर्षाला शिकलो होतो! घर जळत असताना मी नियम आठवत बसलो होतो. आत्या तेवढ्यात तीनदा आत-बाहेर करून गेली. पोहे, चहा, मग परत पोहे. दर फेरीला तिच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची आणि तोंडावरचं हसू रुंद व्हायचं.

मोकाशी सगळं टिपून घेत होते. मग म्हणाले, "जरा शेजारी चौकशी करू का?"

"अवश्य!" मी म्हटलं. अजून आशा होती बघा. शेजारचे बबनदा म्हणजे सरळ माणूस. रोज आत्याचं कण्हणं भिंतीपलीकडून ऐकणारे.

बबनदा टोपी नीट करून पुढे आले. "हौसाबाई व्हय? आवो, भंडारदऱ्याची भिंत खचंल, पन ही बाई खचायची न्हाई! लावनीला सगळ्यांच्या फुडं. घरात आजारपन म्हनून न्हाई बगा. आन् पोरगं बी लई सालस. तमाखूसुदीक खात न्हाई."

पोरगं? पोरग्याचं कुणी विचारलं होतं? पण मी इतका हबकलो होतो की तेही डोक्यात शिरलं नाही. बबनदांच्या मागे आणखी चार जण उभे. त्यांनीही तेच सांगितलं, थोडं वाढवून. एकाने तर माझ्या पगाराचाही आकडा सांगितला, जो मलाही माहीत नव्हता.

निघायची वेळ झाली. आत्या म्हणाली, "पाव्हनं, मोकळ्या हातानं जाऊ नगा. घरचा तांदूळ हाय." आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत पाच पायल्यांचं गाठोडं तिने डोक्यावर घेतलं, आणि तो सगळा उतार ताठ मानेने उतरून गाडीपाशी गेली! गाडीत बसल्यावर मोकाशींनी नमस्कार केला. आत्या खिडकीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "पोरीचा फोटू आनला असंल तर दावा की."

"कुठल्या पोरीचा?" मोकाशी गोंधळले. तांदूळ मात्र त्यांनी नको-नको म्हणत परत खाली ठेवला, आणि गाडी निघून गेली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'नगरकडचे एक जण येतील' हा माझाच निरोप, वर इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, लग्नाच्या वयाच्या पोराबरोबर आलेला परका माणूस, आणि घराची चौकशी! आमच्याकडे याचा दुसरा अर्थ कुणी काढेल का? आत्याने शनिवारीच घरोघर बजावलं होतं, "सम्याला बगायला येत्यात. वंगाळ बोलू नगा." लंगडी आत्या दिसली तर पोरीकडचे काय म्हणतील, म्हणून काठी गेली होती कणगीत.

गाडी वळणाआड गेली आणि आत्या मटकन दगडावर बसली. उठताच येईना. मी रडवेला होऊन सगळं सांगून टाकलं.

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हंजे स्थळ न्हाई?"

"नाही."

"मंग मी पाच पायली तांदूळ कशापायी उचललं रं, मुडद्या?"

तिला खुर्चीवर बसवून चौघांनी वर नेलं. एक पाय मी धरला होता. खुर्चीचा.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला म्हणून परत एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, ओझ्याने नुसती सूज आहे, ती उतरेल. पण हाड मुळातच नीट जुळलेलं नाही, दुसरं ऑपरेशन करावंच लागेल. मी मान खाली घालून नानांना सांगायला गेलो. नाना रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "बघ, माझ्या घाईने मिटवलं असतं तर हे ऑपरेशन कुणाच्या माथी आलं असतं?" 'माझ्या' म्हणाले, 'तुझ्या' नाही. त्यांचा मोठेपणा बघा.

कंपनीने मात्र मोकाशींचा अहवाल कोर्टात लावला. 'अर्जदार विनाआधार चालते, ओझे वाहते, प्रकृती उत्तम.' मग नव्याने तपासणी, नवा दाखला, डॉक्टरांची साक्ष, त्यांना सवड नाही म्हणून पुढची तारीख. आणि शेवटी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात कोण? मी!

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "त्या दिवशी अर्जदार लंगडत का नव्हत्या?"

"माझं लग्न जमावं म्हणून."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "जमलं का?"

"नाही, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. मागच्या बाकावरून आत्याचं हसणं वेगळं ऐकू आलं.

मिटला हो दावा शेवटी. लोकअदालतीत, दोन्ही बाजूंच्या संमतीने, दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चासकट. आत्या आता थोडी लंगडते, पण काठीशिवाय. लावणीला बांधावर स्टूल टाकून बसते आणि चिखलातल्या बायकांना वरून सूचना देते. सूचना कमी, माझा किस्साच जास्त.

आणि गेल्या महिन्यात काय व्हावं? मोकाशींचाच फोन! त्यांच्या साडूची मुलगी आहे, शिक्षिका. "तुमच्या घराची सगळी चौकशी माझ्याकडे आधीच झालेली आहे," म्हणाले. मी फोन स्पीकरवर टाकला आणि छाती फुगवून आत्याकडे पाहिलं.

आत्या फोनकडे वाकली. "सायेब, पोरगं चांगलं हाय. पन घाई करू नगा. नाना वकील म्हनत्यात, दुखनं थांबल्याबिगर नुकसान मोजता येत न्हाई. ह्याचं शानपन अजून वाढतच हाय!"