चिकटवणार: वधूचे वडील

माझ्या मुलीच्या लग्नात रुखवत कोण मांडणार, यावर आमच्या घरात महिनाभर खल चालला होता. तिची आई असती तर प्रश्नच नव्हता. ती जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे मुलीच्या आत्यानं, पदर खोचला आणि यादी केली. लोकरीची तुळस, मोत्यांचा मोर, सुपारीचा भटजी. यादीतला शेवटचा शब्द मात्र तिला धड म्हणता येईना. डेकूपाज. आठवणीच्या वस्तू ठेवायला तसली एक सजवलेली पेटी हल्ली सगळ्यांच्या रुखवतात असते म्हणे. ते शिकवणाऱ्या एका बाईंचा तीन दिवसांचा क्लास लावायच्या विचारात ती होती.

मी मुलीच्या मोबाईलवर ते काय असतं ते बघितलं. कागदावरची चित्रं कापायची, पेटीला पातळ डिंक लावायचा, चित्र ठेवायचं, मधून कडेकडे हात फिरवून हवा काढायची आणि वरून परत डिंक. मला हसू आवरेना. याला क्लास? मी तीस वर्षं दुसरं केलं काय? फक्त पेटीऐवजी मला कोल्हापूरच्या भिंती होत्या.

मी सिनेमाची पोस्टरं चिकटवायचो. सायकलच्या कॅरियरला पोस्टरांचे गठ्ठे, हँडलला खळीची बादली, आणि शुक्रवारी नवा सिनेमा लागायच्या आत गाव रंगवून मोकळा. पुढं फ्लेक्स आले आणि माझा ब्रश वाळला. पण त्या ब्रशावर घर चाललं, मुलगी शिकली. मला त्याची लाज कधी वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

लाज वाटत होती ती मुलीला. लहानपणी हीच पोरगी सकाळी शाळेच्या आधी सायकलच्या दांडीवर बसून माझ्याबरोबर फिरायची. हायस्कूलला गेली आणि मैत्रिणींना सांगायला लागली, पप्पा जाहिरात खात्यात आहेत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मुलाचं घर शाहूपुरीतलं, वडील निवृत्त मास्तर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच माझी जुनी ओळख निघाली, ती त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीशी. काळी अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. ‘येथे जाहिराती चिकटवू नयेत.’ या भिंतीवर मी वर्षानुवर्षं पोस्टरं लावली होती, आणि नेमकी त्या अक्षरांवर, कारण लिहायसाठी म्हणून तेवढाच भाग घोटून गुळगुळीत केलेला होता.

आत चहा घेताना मास्तरांनी विचारलं, आपण काय करत होता? मी तोंड उघडायच्या आत बहीण म्हणाली, "सिनेमा लायनीत होता की." मास्तरांना वाटलं, स्टुडिओत. ते खूश झाले. मुलीनं मान खाली घातली. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "पप्पा, एवढं लग्न होईस्तोवर तो विषय काढू नका."

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. तरी शब्द दिला. तोंडानं दिलेला शब्द तोंडानं पाळायचा. हातांनी कुठं काय कबूल केलं होतं?

क्लास रद्द करायला लावला. बायकोची शिवणाची लाकडी पेटी काढली. तिच्यातल्या बॉबिना, टेप, अंगुस्तान एका रुमालात बांधून ठेवलं, कारण ते सगळं परत त्यातच जायचं होतं. मैद्याची खळ शिजवली आणि झुरळ तोंड लावू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला. माळ्यावर शिल्लक पोस्टरं होती. त्यातले मी हिरॉइनीचे डोळे कापले, व्हिलनच्या मिशा कापल्या, अक्षरं कापली. एका बाजूला ‘रोज तीन खेळ’, दुसऱ्या बाजूला ‘तुफान गर्दीत दुसरा आठवडा’. झाकणावर, लग्नाला शोभेल म्हणून, ‘सहकुटुंब पाहा’.

बहीण बघून बसलीच. "मोर कर, तुळस कर. रुखवतात मिशा कोण लावतंय व्हय?"

"मी लावतोय," म्हटलं. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

चूक झाली ती सवयीनं झाली. पोस्टर लावणारा खाली दार आहे की खिडकी हे बघत नाही. मीही झाकण आणि पेटी यांच्या फटीवरून सरळ कागद ओढला होता. खळ वाळली आणि पेटी उघडेना. मुलगी कामावरून आली, तिनंच ब्लेड घेऊन फट मोकळी केली. त्यात एका हिरॉइनीचा गळा आडवा चिरला गेला. मुलीनं ब्लेड पेटीवर ठेवलं आणि ती सरळ आत गेली. मला वाटलं, रुसली. तिला लाज वाटली तर वाटू दे, असं मनात म्हटलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कार्यालयात बहिणीनं प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी ठेवली होती, ‘वधूच्या आत्याकडून’. पेटीपुढंही तीच. मी ती उलटी करून मागं लिहिलं, ‘चिकटवणार: वधूचे वडील’. बहिणीनं पेटीच्या पुढ्यात मोत्यांचा मोर उभा केला. मी तो बाजूला सरकवला. तिनं परत पुढं आणला. तिसऱ्यांदा मोर पेटीपुढं आला तेव्हा मास्तर समोर उभे होते आणि मोराच्या मागून व्हिलनच्या मिशा बाहेर आल्या होत्या. त्यांनी वाकून चिठ्ठी वाचली. मग पेटी वाचली. मग माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे सिनेमा लायनीत तुम्ही पोस्टरं लावत होता?"

विषय मी काढला नव्हता. "होय," म्हटलं.

"आमच्या भिंतीवर?"

"मीच."

"तिथं काय लिहिलं होतं, ते वाचता येत नव्हतं?"

"येत होतं की. दर शुक्रवारी वाचायचो आणि मग झाकायचो."

बहिणीचा चेहरा उतरला. आजूबाजूचे पावणे जवळ सरकले. मास्तरांचा आवाज चढला. "आणि एकदा तर उलटं लावलं होतं. हिरोचे पाय वर, डोकं खाली. आठवडाभर वर्गातली पोरं मला विचारायची, सर, तुमच्या भिंतीवर योगासनं चालू आहेत काय!"

ते पोस्टर मला लख्ख आठवत होतं. पण खरं काय ते सांगितलं असतं, तर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यावं लागलं असतं. चुकलं माझं, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मुलगी शालू सावरत टेबलापाशी आली. सासरच्यांसमोर ती पहिल्या दिवसापासून पुस्तकातलं मराठी बोलत होती.

"त्यांचं न्हाय चुकलं, काका," ती म्हणाली. "ते उलटं मी लावलतं. मी काढाय लागले तर पप्पा म्हणाले, लावलंयस न्हवं, मग आता राहू दे."

आणि पेटीपुढचा मोर उचलून तिनं आत्याच्या हातात दिला.