मामांच्या इतिहासाच्या तीन सुरुवाती

बंगळुरूला निघालेले वाचक मला हॉटेलं आणि बसचे मार्ग विचारतात. माझं बंगलोर साठच्या दशकातलं, त्यामुळे माझी माहिती आता फारशी उपयोगाची नाही. तरी ती पहिली फेरी लिहून ठेवते, कारण ती मला अजून नीट उलगडलेली नाही.

मी तेव्हा मिरजेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. आईचे थोरले भाऊ, सॅम्युएलमामा, बंगलोरच्या एका सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, चर्चचा इतिहास शिकवायचे. ते अचानक वारले. आईचे गुडघे धड नव्हते, म्हणून नाताळच्या सुट्टीत मी निघाले.

"दादाचं पुस्तक घेऊन ये," आई म्हणाली. "आपल्या लोकांचा सगळा इतिहास लिहीत होता तो. परक्यांच्या कपाटात कशाला राहायचा?" आणि तिने एक रिकामी पत्र्याची ट्रंक माझ्या हाती दिली.

तेव्हा मिरजेहून मीटरगेजची गाडी होती, रमतगमत जाणारी. लोंढ्याला थंडीने दात वाजले. हुबळीला चहा सुटला तो सुटलाच, पुढे सगळीकडे कॉफी. अर्सिकेरेला पानात बांधलेल्या गरम इडल्या मिळाल्या. त्या दिशेने गेलात तर त्या चुकवू नका.

सेमिनरीच्या फाटकासमोर एक किराणा दुकान होतं. पत्ता विचारला तर दुकानदार मराठीच निघाला, कैक पिढ्या तिथलाच. "या अक्का, स्वल्प बसा. प्रोफेसरांच्या घरचे का तुम्ही? लई हसवायचे हो आम्हाला!"

मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मामा मिरजेला आले की आम्ही मुलं अंगण सोडून पळायचो. हसताना त्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मामी धारवाडच्या. त्यांनी मला जवळ घेतलं, कॉफी दिली, आणि पुस्तकाचं नाव काढताच चक्रावून माझ्याकडे पाहिलं. "पुस्तक? कसलं गं? रोज लिहायचे आणि रोज खोडायचे. सगळे कागद तिकडे लायब्ररीत आहेत. हवेत तर ने बाई."

लायब्ररी सांभाळणारे रेव्हरंड देवराज मामांचेच जुने विद्यार्थी. ते इंग्रजीत बोलत, अडलं की मामी कन्नडमधून मदतीला. त्यांचं म्हणणं, कागद इथेच राहतील असा सरांनी शब्द दिला होता. मामी म्हणाल्या, "मला तर काही बोलले नाहीत." आईचं म्हणणं मला माहीत होतंच. कुणाचं खरं धरायचं?

शेवटी आम्ही तिघं जमिनीवर बसून गठ्ठे सोडू लागलो. पुस्तक नव्हतंच. होतं ते फक्त पहिलं प्रकरण, तीन वेगळ्या प्रकारांनी सुरू केलेलं. एक मिशनऱ्यांच्या जहाजापासून. दुसरं मलबार किनाऱ्यावरच्या फार जुन्या ख्रिस्ती वस्तीपासून. ही दोन्ही इंग्रजीत. तिसरं मराठीत होतं: नगरकडच्या एका गावात विहिरीवरून हाकललेली राहेल नावाची बाई घागर तिथेच टाकते आणि मिशनच्या आवारात पाणी मागायला जाते. राहेल ही मामांची आजी, माझी पणजी. चार-पाच पानांनंतर तेही तुटलेलं.

देवराज म्हणाले, "सर दरवर्षी वर्गाला विचारायचे, सुरुवात कुठून करू? प्रत्येक वर्ग वेगळं सांगायचा. सर सगळ्यांचं ऐकायचे, नकला करून हसवायचे. एकदा एका मुलाने विचारलं, सर, तुम्ही स्वतः कुठून आलात? त्या दिवशी सरांनी तास तिथेच संपवला."

संध्याकाळी मी ट्रंक भरली. मग पुन्हा उपसली. मलबारची मुलं तिथे शिकत, आंध्रची तिथे, ईशान्येकडच्या डोंगरांतली तिथे. मिरजेला हे कागद कोण वाचणार? पण मग आईला काय सांगू?

"मामी, मामांना काय हवं होतं?"

"त्यांनाच ठाऊक नव्हतं गं. मला कसं असेल?"

मी मराठी प्रकरण माझ्या हाताने उतरवून घेतलं आणि बाकी सगळं देवराजांच्या स्वाधीन केलं. परतीच्या गाडीत, बरोबर केलं की चूक, ते मला हुबळीपर्यंत कळलं नाही आणि हुबळीनंतरही नाही.

आई तांदूळ निवडत होती. बाकीचे कागद ठेवून आल्याचं ऐकून तिने पुन्हा सुपात मान घातली. मी उतरवून आणलेलं प्रकरण वाचायला लागले. घागरीपाशी तिने सूप खाली ठेवलं.

"असं नाहीच झालं. पाण्यासाठी नाही गेली आजी. मिशनच्या खिडकीतून तिला फळा दिसायचा. ती अक्षरं शिकायला गेली. मला तिने स्वतः सांगितलंय."

"मग मामांना कुणी सांगितलं?"

"तिनेच सांगितलं असणार. त्याला दुसरं कोण सांगणार?" आईने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझंही लिही. जसं सांगते तसंच."

मी लिहिलं आणि बंगलोरला धाडलं. देवराजांनी ते मामांच्या तीन सुरुवातींबरोबरच ठेवलं.

राहेलपणजी त्या आवारात का शिरली हे मला आजही ठरवता येत नाही. आई मात्र पुढे नातवंडांना ती गोष्ट सांगायची, फळ्याची, अक्षरांची, अगदी ठामपणे. शेवटाला आली की थांबायची आणि हळूच म्हणायची, "नाहीतर पाण्यासाठीही गेली असेल."