घाटात न थांबणारा नजीर

अक्कलकुव्याचा नजीर गेली वीस-बावीस वर्षं सिमेंट, मीठ भरून ट्रक मोलगीला नेतो. एरवी अबोल, पण घाटाचा विषय निघाला की ऐकणाऱ्याला पळता भुई थोडी होते. चढ लागायच्या आधीच गियर खाली घ्यायचा, इंजिनाला एका सुरात ओढू द्यायचं आणि मध्ये काही झालं तरी थांबायचं नाही. भरलेली गाडी चढावर पुन्हा उचलायची म्हणजे क्लच जळतो आणि डिझेल पाण्यासारखं जातं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे त्याच्या लेखी वेडे. गियरमध्ये उतरवली तर इंजिनच तिला धरून ठेवतं. बायको शकीला म्हणते, हा भाकरीसुद्धा खालच्या गियरमध्ये खातो.

घाटातल्या पाड्यांना हे ठाऊक आहे. नजीरच्या गाडीत बसायचं तर वरच्या सपाटीला जाऊन उभं राहायचं. चढावर हात करून उपयोग नाही. डोंगरसिंगला तर हे कोणी सांगायला नकोच. तो दहा वर्षं ह्याच गाडीवर हमाल होता आणि नजीरचा एकुलता एक जिवाभावाचा दोस्त.

गेल्या उन्हाळ्यात अर्ध्या चढावर हाच डोंगरसिंग हात वर करून उभा दिसला. शेजारी त्याची म्हातारी आई, रेवाबाई, दगडावर बसून धापा टाकत होती. मोलगीच्या दवाखान्यात न्यायला तिला सपाटीकडे चालवत आणलं असणार आणि तिचे पाय इथंच संपले असणार. डोंगरसिंग उगाच हात करणारा नव्हे, हे नजीरला कळलं. कळलं, तरी पाय ॲक्सिलेटरवरून हलला नाही. आरशात दोस्ताचा हात हळूहळू खाली आला.

सपाटी आली. पुढे लगेच दुसरा चढ होता आणि गाडी छान सुरात चालली होती. इथं थांबलं तर तो चढ मेल्या बैलासारखा चढायला लागणार. दुसरं कोणी तरी येईल, जीप येईल, असं तो स्वतःशी म्हणाला. सपाटी संपत आली तेव्हा कुठे त्यानं ब्रेक दाबला. भरलेला ट्रक तिथं वळवता येत नाही. चाकांना दगड लावले आणि तो पायी खाली निघाला. ह्या घाटात तो कधी पायी चालला नव्हता. त्याला लाज वाटत होती.

खाली पोचल्यावर तो रेवाबाईसमोर पाठ करून उकिडवा बसला. "माय, पाठवर बठ."

म्हातारीनं त्याच्या गळ्याभोवती हात टाकले. डोंगरसिंग मागून आईला हाताचा आधार देत चालला. दोन वळणं गेल्यावर तो म्हणाला, "तू निघी गया आसं वाटनं माले."

नजीर चढावर थांबला. म्हातारीला पाठीवर नीट सरकवलं, श्वास घेतला.

"माले बी," तो म्हणाला.